आवारभिंतीतील पत्रपेटी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आवारभिंतीत आरपार बसवलेल्या पत्रपेटीचे तोंड रस्त्याकडे आणि दार अंगणाकडे असते, त्यामुळे पोस्टमनला फाटक उघडावे लागत नाही व घरच्यांना टपाल काढण्यासाठी बाहेर जावे लागत नाही. भिंतीला भोक पाडून त्यात डबा बसवला की हे काम संपले, अशी सार्वत्रिक समजूत असली, तरी पावसाळ्यात भिजलेली पत्रे आणि पेटीभोवती फुगलेला गिलावा पाहता या कामाचा थोडा बारकाईने विचार होणे आवश्यक ठरते.

भोक पाडल्याने भिंत कमकुवत होऊन ढासळते, ही भीती अनेकांना वाटते. वस्तुतः विटांची सांधेमोड, म्हणजे प्रत्येक थरातील उभा सांधा खालच्या थरातील विटेवर येईल अशी रचना, नीट साधलेली असेल, तर भोकाच्या वरचा बहुतेक भार कमानीसारखा दोन्ही बाजूंना वळतो आणि फक्त एका त्रिकोणापुरते बांधकाम निराधार उरते. 30 सें.मी. रुंदीच्या भोकावर हा त्रिकोण सुमारे 26 सें.मी. उंच असतो व नऊ इंची भिंतीत त्याचे वजन 17 ते 18 किलोच्या आसपास भरते. मात्र कमान साधण्यासाठी त्रिकोणाच्या वर आणि बाजूंना पुरेसे बांधकाम शिल्लक असावे लागते. बुटक्या भिंतीत पेटी माथ्याजवळ आली, तर भोकावर दोन्ही बाजूंना 10 ते 15 सें.मी. टेकलेली छोटी लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, घालणेच योग्य. खरा धोका भोकापेक्षा ते पाडण्याच्या रीतीत असतो, कारण घणाच्या दणक्यांनी आजूबाजूचे सांधे सुटतात, तर ग्राइंडरने कडा कापून घेऊन मग छन्नीने विटा काढल्यास ते शाबूत राहतात. फाटक पेलणारा सिमेंट-काँक्रीटचा खांब मात्र या कामासाठी कधीही फोडू नये, आणि घंटीची किंवा दिव्याची वायर भिंतीतून कुठून गेली आहे हे आधी पाहावे.

पाण्याबद्दलचा गैरसमज सर्वांत नुकसानकारक आहे. पाणी केवळ झडपेतून शिरते असे मानून लोक झडप घट्ट करतात, परंतु पुष्कळसे पाणी पेटीची चौकट आणि भिंत यांच्यामधल्या बारीक फटीतून आत येते. ही फट सिमेंटने गच्च भरली की प्रश्न मिटला असे वाटते. पण उन्हात पोलाद विटेच्या दुपटीच्या आसपास प्रसरण पावते, शिवाय सिमेंटचा माल वाळताना आकसतो, त्यामुळे काही काळाने तेथे पुन्हा चीर पडते. म्हणून कडेच्या सांध्यात लवचीक राहणारे सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरावे, भोकाच्या तळाला रस्त्याच्या बाजूला ढाळ द्यावा, वर पुढे आलेली पट्टी ठेवून तिच्या खालच्या अंगाला पाणी गळून पडेल अशी खाच करावी, आणि पेटीच्या तळाला निचऱ्याची छिद्रे ठेवावीत. या छिद्रांना बारीक जाळी लावल्यास मुंग्या व पाली तेथून शिरत नाहीत. कुंभारीण माशी मात्र झडप नीट मिटत नसेल तर समोरूनच आत जाऊन मातीचे घरटे बांधते.

स्टेनलेस स्टील गंजतच नाही, या समजुतीचा फटका कोकण आणि गोव्यातील घरांना बसतो, कारण खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे नेहमीच्या 304 प्रतीच्या पत्र्यावरही तांबूस ठिपके पडतात. मॉलिब्डेनम असलेली 316 प्रत किनाऱ्यावर अधिक टिकते.

तोंड जितके मोठे तितके सोयीचे, असेही मानले जाते. युरोपातील ईएन 13724 या मानकात तोंडाची उंची 30 ते 35 मि.मी. एवढीच धरलेली आहे, कारण त्याहून मोठ्या फटीतून हात घालून टपाल काढणे सोपे जाते. हेच मानक तोंड जमिनीपासून 700 ते 1700 मि.मी. उंचीवर असावे असे सांगते. ए4 कागद न दुमडता मावणारा लिफाफा सुमारे 230 मि.मी. रुंद असतो, तेव्हा तोंडाची रुंदी त्याहून थोडी अधिक हवी.

भिंत बांधतानाच पेटी चिणून टाकावी, हा सल्लाही टाळण्याजोगा आहे. बांधकामात केवळ मोकळी जागा सोडून, गिलावा झाल्यावर भिंतीची एकूण जाडी मोजावी आणि पेटी स्क्रूने पक्की करावी, म्हणजे पुढे ती बदलताना भिंत फोडावी लागत नाही. सही घेऊन द्यावयाचे टपाल मात्र अशा पेटीत टाकले जात नसल्याने, पेटीजवळच्या खांबावर घंटीचे बटण ठेवणे उपयुक्त ठरते.