नवं छापलेलं म्हणजे बदललेलं नव्हे

जून उजाडला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "अर्थशास्त्र आहे ना, ते दरवर्षी बदलतं. जुनं पुस्तक काय कामाचं?" सांगणारा कधी पुस्तकांच्या दुकानातला माणूस असतो, कधी क्लासचे सर, आणि बऱ्याचदा शेजारच्या काकू, ज्यांच्या मुलीने अकरावीला सायन्स घेतलेलं असतं. घरात ताईचं धडधाकट पुस्तक असतं, तरी धाकट्यासाठी नवा संच येतो आणि जुना रद्दीवाल्याकडे जातो.

हा समज होतो कसा, तेही दिसतं. बातम्यांत रोज रेपो दर, जीएसटी, बजेट. मग पुस्तकही त्याच वेगाने बदलत असणार! नाही हो. बातमी बदलते, पाठ्यपुस्तक बदलत नाही. आणि ते का बदलत नाही, हे पुस्तकच सांगतं, फक्त उघडून पाहायला हवं.

आपल्या राज्य मंडळाचं सध्याचं अकरावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक २०१९-२० या शैक्षणिक वर्षात आलं, बारावीचं २०२०-२१ मध्ये. मुखपृष्ठ उलटून, समित्यांची नावं बारीक टायपात छापलेली असतात तिथवर या. 'प्रथमावृत्ती' आणि तिच्यापुढे एक साल दिसेल, आणि नंतर छापलेली प्रत असेल तर 'पुनर्मुद्रण' आणि दुसरं साल. दुकानदार तुम्हाला दुसरं साल दाखवतो. तुम्ही पहिलं पाहा. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणं. फार तर मुद्रणदोष दुरुस्त होतात. ताईच्या आणि दुकानातल्या प्रतीवर प्रथमावृत्तीचं साल एकच असेल, तर तुम्ही पैसे मोजताय ते कोऱ्या कागदाच्या वासाचे. तो वास मलाही आवडतो, पण त्याला 'अपडेटेड' म्हणू नये.

आता आतले धडे बघा. बारावीत उपयोगिता विश्लेषण, मागणीचं विश्लेषण, मागणीची लवचीकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार. यातलं बरंचसं आल्फ्रेड मार्शलच्या १८९० च्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आलेलं आहे. किंमत वाढली की मागणी घटते, हे गेल्या मार्चच्या बजेटने बदललेलं नाही. त्याहून गमतीचा धडा निर्देशांकांचा. या पुस्तकात तो नवा म्हणून आला आणि मुलं त्याला घाबरतात. त्यातलं लास्पेअरचं सूत्र १८७१ चं आहे, पाशेचं १८७४ चं. दीडशे वर्षं टिकलेलं सूत्र ताईच्या आणि धाकट्याच्या प्रतीत वेगळं असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एक उदाहरण सोडवून पाहावं.

"बरं, सूत्रं राहू द्या. पण आकडे तर जुने होतात ना?"

होतात. पण नवी प्रत घेऊन ते नवे होत नाहीत, इथेच खरी गफलत आहे. अकरावीच्या लोकसंख्येच्या धड्याला आधार २०११ च्या जनगणनेचा, म्हणजे १२१ कोटींचा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढची २०२७ ची ठरली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ साली भारताचा अंदाज १४२ कोटींच्या वर दिला, पण तो अंदाज आहे, जनगणना नव्हे. दारिद्र्याचंही तेच. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने काढलेलं २१.९ टक्के हे प्रमाण २०११-१२ चं आहे. दारिद्र्यरेषेवर आधारलेला त्यानंतरचा अधिकृत सरकारी आकडा आलेला नाही. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वेगळी गोष्ट मोजतो, त्यामुळे तो या आकड्याच्या जागी बसवता येत नाही. देशाकडेच नवा आकडा नसेल, तर छापखाना तो कुठून आणणार?

उलटही घडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. मुख्य दर ५ आणि १८ उरले, आणि काही मोजक्या वस्तूंना ४० टक्के. त्याच वर्षी जूनमध्ये कुणी कितीही नवी प्रत घेतली असली, तरी तिला सप्टेंबरातलं काय कळणार? असल्या गोष्टी वर्तमानपत्रातून घ्यायच्या असतात. महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचा धडा तर सगळ्यांत लवकर शिळा होतो. त्यासाठी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते. मराठीत, फुकट. उत्तरात तिचा आकडा लिहिलात तर शेजारी साल आणि 'आर्थिक पाहणीनुसार' एवढं लिहा. पुस्तकातल्या आकड्याशी पडताळणाऱ्या परीक्षकाला फरक कशामुळे आहे ते कळेल.

मग जुनं पुस्तक नको, असं कधी म्हणायचं? अभ्यासक्रमच ओलांडला गेला असेल तेव्हा. २०१९ पूर्वीचं अकरावीचं किंवा २०२० पूर्वीचं बारावीचं पुस्तक कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी परीक्षेसाठी घेऊ नका. त्या बारावीत व्यापारी बँक आणि मध्यवर्ती बँक यांवर स्वतंत्र धडे होते. आताच्या बारावीत निर्देशांक, नाणे बाजार आणि भांडवल बाजार, विदेशी व्यापार आहेत. मागणीच्या धड्यापुरतं जुनं चालेल, पण या नव्या धड्यांसाठी दुसरीकडे हात पसरावा लागेल.

दुसरा खड्डा बारीक आहे आणि त्यात हुशार मुलंही पडतात. २०२०-२१ आणि २०२१-२२ या कोरोनाच्या दोन वर्षांत मंडळाने अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता. त्या तुकडीची पुस्तकं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा ओळखीतून हाती येतात, तेव्हा पानोपानी पेन्सिलीच्या फुल्या आणि समासात 'नाही', 'वगळले' असं लिहिलेलं सापडतं. पुस्तक बरोबर असतं, खुणा चुकीच्या असतात. २०२२-२३ पासून अभ्यासक्रम पुन्हा पूर्ण झाला. खोडरबर घ्या आणि आधी त्या फुल्या पुसा.

सीबीएसईच्या मुलांची गोष्ट उलटी. तिथे एनसीईआरटीने २०२२ मध्ये मजकूर कमी केला. 'भारतीय अर्थव्यवस्थेचा विकास' या अकरावीच्या पुस्तकातून दारिद्र्य आणि पायाभूत सुविधा हे धडे गेले. म्हणजे जुन्या प्रतीत कमी नाही, जास्त आहे. चालू वर्षाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून नको ते बाजूला करा. वाचलंत तरी बिघडणार काहीच नाही, उलट थोडं शहाणपणच येईल.

किरकोळ समज पटापट उरकतो. आर्ट्सचं आणि कॉमर्सचं अर्थशास्त्र वेगळं? राज्य मंडळात पुस्तक एकच. पीडीएफ वाचणं म्हणजे चोरी? बालभारती स्वतःच्या संकेतस्थळावर ती फुकट देते, तेव्हा चोरी कसली. डायजेस्ट घेतलं की पुस्तक नको? डायजेस्ट पुस्तकावरूनच काढतात, आणि बहुतेक वेळा त्याची किंमत पुस्तकापेक्षा जास्त असते. गणित सोडलं तर विभाजन मूल्ये जमत नाहीत? चतुर्थक काढायला बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि संयम पुरतो.

एक तारीख मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार बदलाचं जे वेळापत्रक राज्याने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं, त्यात अकरावीसाठी २०२७-२८ आणि बारावीसाठी २०२८-२९ ही वर्षं होती. अशी वेळापत्रकं पुढे सरकतात, म्हणून त्या सुमारास अकरावीत जाणाऱ्यांनी आधी बालभारतीच्या संकेतस्थळावर पाहावं आणि मगच ताईकडे हात पुढे करावा. नवी प्रथमावृत्ती आलेली दिसली, तर बिनधास्त दुकान गाठा.