काकवी विकणाऱ्या उपदेशकाचे वाद्य

जुन्या तबकडीवर सुई टेकते. आरंभी नुसती खरखर ऐकू येते, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. मग त्या खरखरीतून काही स्वर हळूहळू वर येऊ लागतात. दूरच्या खोलीत एखादी संगीतपेटी किल्ली देऊन ठेवली असावी, असा तो किणकिणाट असतो. त्यात घाई नाही, दिमाख नाही. आणि त्या स्वरांवर हात ठेवून एक पुरुष गाऊ लागतो. शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून त्याची समजूत काढावी, इतक्या साध्या आवाजात.

गाणे संपते आणि ऐकणारा विचारतो, "हे वाद्य कोणते?" तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या कागदी चकतीवर गायकाचे नाव छापलेले आहे: वॉशिंग्टन फिलिप्स. वाद्याचे नाव मात्र छापलेले नाही. 'अभिनव साथ' अशा अर्थाचे दोन शब्द तेवढे तेथे आहेत. या दोन शब्दांनी जुन्या गाण्यांच्या रसिकांना कित्येक वर्षे कोड्यात टाकले. त्या कोड्याची आणि त्यामागे झाकल्या गेलेल्या एका माणसाची ही हकीकत आहे.

गोष्ट अमेरिकेतील टेक्सास प्रांताची. १९२७ सालच्या डिसेंबर महिन्यात कोलंबिया या तबकड्यांच्या कंपनीने आपली यंत्रसामग्री डॅलस शहरात आणली होती. फ्रँक वॉकर हे तिचे अधिकारी होते. त्या काळी अशा कंपन्या गावोगावच्या गायकांना बोलावून त्यांची गाणी उतरवून घेत. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी त्यांनी तबकड्यांची निराळी मालिकाच काढली होती. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. एवढ्या अवधीत जे सांगायचे ते सांगून गायकाला मोकळे व्हावे लागे.

त्याच आठवड्यात, त्याच शहरात, त्याच कंपनीसाठी ब्लाइंड विली जॉन्सन नावाचा एक अंध गायकही गाऊन गेला. त्याच्या शब्दावाचून केलेल्या आळवणीचे ध्वनिमुद्रण पुढे १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत घालून अवकाशात पाठविण्यात आले. फिलिप्सच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. १९२७, १९२८ आणि १९२९ अशी तीन वर्षे तो डॅलसला येत राहिला. त्याच्या गाण्याच्या एकंदर १८ बाजू मुद्रित झाल्या. त्यांपैकी १६ आज ऐकावयास मिळतात.

या गाण्यांत काय आहे? आई मुलाला घराबाहेर पाठविताना काय सांगते, हे एका गाण्यात आहे. मुलांना वेळीच वळण लावा, असा उपदेश दुसऱ्यात आहे. पौल आणि सीला तुरुंगात असताना काय घडले, ही प्रेषितांच्या कृत्यांतील कथा आणखी एका गाण्यात येते. आपले ओझे प्रभूपाशी नेऊन ठेवावे, असे सांगणारे एक गीत आहे. ते फिलाडेल्फियाचे मेथडिस्ट धर्मोपदेशक चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांनी रचलेले. टिंडलींचे वडील गुलामगिरीत राबलेले होते. ओझे म्हणजे काय, हे त्या घराण्याला कोणी शिकवावयास नको होते.

एका दोन भागांच्या गाण्यात फिलिप्सने निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांची नावे घेऊन त्यांच्या आपसातील वादांवर हसतमुखाने बोट ठेवले आहे. बाप्तिस्मा कसा द्यावा, यावर तुम्ही भांडत बसाल, पण अखेरीस येशू तुमच्या अंतःकरणात हवा, एवढेच त्याचे म्हणणे. फिलिप्स आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचा नव्हता. तरीही हे बोल ऐकून कोणाही भाविकाच्या मनाला थोडा चिमटा बसल्यावाचून राहत नाही.

१९२९ च्या अखेरीस अमेरिकेत आर्थिक मंदी कोसळली. तबकड्या विकत घेण्यास लोकांजवळ पैसा उरला नाही. डॅलसच्या फेऱ्या थांबल्या आणि फिलिप्सचे नाव कंपनीच्या दप्तरातच राहिले. त्याचे गाणे मात्र फिरत राहिले. पंथांवरील ते गीत सिस्टर रोझेटा थार्प या गायिकेने १९३८ साली आपल्या ढंगाने गायिले आणि ते गाजले. पुढे १९७२ साली राय कूडर या गायकाने तेच गीत पुन्हा नव्या श्रोत्यांपुढे आणले.

दरम्यान जुन्या तबकड्या जमविणारे हौशी लोक अमेरिकेत आणि युरोपात पुढे आले होते. माळ्यावर पडलेल्या, धूळ खात असलेल्या तबकड्या त्यांनी गोळा केल्या. फिलिप्स ऐकला की त्यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहत. वाद्य कोणते? आणि या माणसाचे पुढे झाले काय?

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर बराच काळ प्रमाण मानले गेले. ते वाद्य 'डॉल्सिओला' असावे, असे संग्राहकांनी ठरविले. आपल्याकडील गायक मांडीवर किंवा पुढ्यात स्वरमंडल घेऊन त्याच्या तारा छेडतो, हे वाचकांनी पाहिले असेल. त्या स्वरमंडलाला पेटीसारख्या लहान पट्ट्या जोडल्या आहेत आणि पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते, अशी कल्पना केली म्हणजे डॉल्सिओलाचे रूप ध्यानात येईल. ओहायो प्रांतातील टोलेडो शहरी विसाव्या शतकाच्या आरंभी थोडीच वर्षे ते तयार होत होते. दुर्मीळ वाद्य आणि दुर्मीळ आवाज, यांची जोडी सहज जुळली. तबकड्यांच्या नव्या आवृत्त्यांवर तसे छापले गेले आणि एकाने छापले म्हणून दुसऱ्याने छापले.

पण कान देऊन ऐकणाऱ्यांपैकी काहींना शंका येई. हातोडीचा ठोका त्यांना ऐकू येत नव्हता. बोटांनी तार छेडल्याचा भास होत होता. शिवाय १९२८ च्या सुमाराचे फिलिप्सचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात त्याच्या हाती पट्ट्यांचे वाद्य नाही. सपाट पेटीवर तारा ताणलेली दोन वाद्ये त्याने धरलेली दिसतात. अशा वाद्यांना 'झिदर' म्हणतात. त्या काळी ती दारोदार फिरणारे विक्रेते आणि टपालाने माल पाठविणारी दुकाने साध्या कुटुंबांना विकीत असत. त्यांत एका बाजूच्या तारांवर गाण्याची चाल वाजते, तर दुसऱ्या बाजूच्या तारांचे झुबके एकदम छेडून साथीचे सूर काढता येतात. अशी दोन वाद्ये एकत्र मांडून एका हाताने चाल आणि दुसऱ्या हाताने साथ वाजविली, तर दोन वादक बसले आहेत असे वाटावे.

फ्रँक वॉकर यांना उतारवयात याविषयी विचारले होते. त्यांना एवढेच आठवत होते की ते वाद्य त्या माणसाने स्वतःच बनविले होते, त्याला काही नाव नव्हते आणि त्याच्यावाचून ते कोणालाही वाजविता आले नसते. या साक्षीकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. कारखान्यात बनलेल्या वस्तूवर माणसांचा जितका विश्वास बसतो, तितका खेडवळ माणसाच्या हातांवर बसत नाही, हेच खरे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याहून अधिक दुःखद रीतीने चुकले. सरकारी दप्तरे चाळताना अभ्यासकांना वॉशिंग्टन फिलिप्स नावाच्या एका माणसाच्या मृत्यूची नोंद मिळाली. तो त्याच भागातील होता. त्याला ऑस्टिन येथील मनोरुग्णालयात ठेवले होते आणि १९३८ साली तेथेच क्षयाने त्याचा अंत झाला होता. नाव जुळले, भाग जुळला, आणखी कोणी विचारले नाही. असा मधुर गाणारा भक्त वेड्यांच्या इस्पितळात एकाकी मरण पावला, ही हकीकत पुस्तकांतून आणि तबकड्यांच्या पाकिटांवरून वर्षानुवर्षे सांगितली गेली. ती ऐकून लोक हळहळत आणि त्याच्या स्वरांत वेडाची छाया शोधीत.

२००२ साली ऑस्टिनमधील पत्रकार मायकेल कॉर्कोरन यांनी एक साधी गोष्ट केली. ते फिलिप्सच्या मुलखात गेले आणि तेथील वृद्ध माणसांशी बोलले. डॅलसच्या दक्षिणेस फ्रीस्टोन परगण्यात टीग नावाचे एक लहान गाव आहे. त्याच्या जवळच सिम्सबरो ही वस्ती. तेथील लोकांना गायक फिलिप्स चांगला आठवत होता. इस्पितळात मेलेला फिलिप्स निराळा, त्याच नावाचा दुसरा मनुष्य होता.

खरा फिलिप्स ११ जानेवारी १८८० रोजी जन्मला होता. तबकड्यांचा काळ सरल्यावर तो आपल्या शेतावर परतला आणि तेथेच राहिला. खेचराच्या गाडीतून तो उसाची काकवी आणि झाडपाल्याची औषधे विकीत फिरे. त्याला उपदेश करण्याची आवड होती, पण स्वतःची अशी मंडळी त्याच्याकडे नव्हती. जेथे बोलावणे येई, जेथे उभे राहू देत, तेथे तो शास्त्रवचन सांगे आणि गाई. २० सप्टेंबर १९५४ रोजी, पायऱ्यांवरून पडल्यामुळे झालेल्या दुखापतीने त्याचे निधन झाले. तेव्हा त्याला ७४ वर्षे पूर्ण झालेली होती. म्हणजे पुस्तकांनी त्याला मारल्यानंतर तो आणखी १६ वर्षे काकवी विकीत, गात, शेजाऱ्यांत वावरत होता.

आणि वाद्य? त्याचाही उलगडा त्याच मुलखाने केला. १९०७ सालच्या तेथील एका वृत्तपत्रात या तरुण फिलिप्सविषयी लहानशी बातमी छापलेली होती. त्याने सुमारे दोन फूट रुंद, तीन फूट लांब आणि सहा इंच खोल अशी पेटी घेऊन तिच्यावर व्हायोलिनच्या तारा चढविल्या आहेत, तो दोन्ही हातांनी तिच्यावर नाना चाली वाजवितो, असे त्या बातमीत म्हटले होते. वाद्याचे नावही दिले होते. तो त्याला 'मँझरीन' म्हणत असे. ही माहिती कॉर्कोरन यांच्या २०१६ सालच्या पुस्तकामुळे जगापुढे आली; त्या पुस्तकासोबत फिलिप्सची सारी उपलब्ध गाणीही पुन्हा प्रसिद्ध झाली.

पाहा, वाचकहो, योग कसा! ज्या वाद्याला नाव नाही म्हणून रसिक बेचैन झाले होते, त्याचे नाव पहिली तबकडी निघण्याच्या २० वर्षे आधीच छापून झाले होते. डॅलसच्या तबकड्यांवर नेमकी ती १९०७ ची पेटी वाजते, की छायाचित्रातील दोन झिदर त्याने आपल्या पद्धतीने जुळवून घेतले होते, यावर जाणकार अजूनही वाद घालतात. पण आता ते एका घडवणाऱ्या माणसाच्या हातांविषयी बोलतात, हा फरक मोठा आहे.

फिलिप्सचा आवाज ऐकणाऱ्यांनी त्याच्यावर प्रेम केले, यात शंका नाही. तबकडी हजार वेळा ऐकली, सुईची प्रत्येक खरखर पाठ केली. तरी ज्या गावात त्याचे सगेसोयरे राहत होते, त्या गावाची वाट धरावयास इतकी वर्षे लागली. गरीब माणसाची हकीकत दप्तरात एका ओळीत मिळाली की आपल्याला ती पुरेशी वाटते. श्रीमंताच्या बाबतीत आपण अशी घाई करीत नाही. मृतांना पुरणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. मृताला त्याचे स्वतःचे मरण आणि स्वतःचे जीवन परत मिळवून देणे, हेही त्याच कृत्याचे एक अंग नव्हे काय?

आता आपल्या घराकडे वळू. भिंतीवरच्या जुन्या लग्नाच्या छायाचित्रात मागल्या रांगेत उभा असलेला, व्हायोलिन हातात धरलेला तो मनुष्य कोण, हे आज घरात कोणाला सांगता येईल? आजी लग्नघरी जी गाणी म्हणते, ती तिला कोणाकडून मिळाली? देवळात पूर्वी पेटी कोण वाजवीत असे आणि तो दिवसभर पोटासाठी काय करीत असे? ही उत्तरे आजोबांना ठाऊक आहेत, शेजारच्या वृद्ध काकींना ठाऊक आहेत, आणि विचारले तर ती मंडळी आनंदाने सांगतील.

येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर ते छायाचित्र भिंतीवरून खाली उतरवावे. आजीला चष्मा द्यावा. ती जी नावे सांगेल, ती छायाचित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावीत. आणि कोण काय वाजवीत असे, तेही लिहावे.