आपली आरोग्यनोंद सर्वत्र एकाच अर्थाने वाचली जावी

सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील अनेक कुटुंबे दिल्लीच्या करोल बागेत राहतात. त्यांचे उपचार येथे सुरू होतात आणि गावी गेल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे पुढे चालतात. अशा वेळी जुनी नोंद पोहोचली नाही, किंवा पोहोचूनही तिचा अर्थ चुकला, तर रुग्णास धोका संभवतो.

उदाहरणार्थ, उपाशीपोटी रक्तातील साखर भारतातील अहवालात १२६, तर काही परदेशी अहवालांत ७ अशी लिहिलेली आढळेल. पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर दुसरा मिलिमोल प्रति लिटरमध्ये आहे. साखर मात्र तेवढीच. त्याचप्रमाणे ‘बीपी’, ‘उच्च रक्तदाब’ आणि ‘हायपरटेन्शन’ हा एकच विकार आहे, हे संगणकास आपोआप कळत नाही.

यासाठी केंद्र शासनाने २०१३ मध्ये आरोग्यनोंदींची मानके जाहीर केली व २०१६ मध्ये ती सुधारली. पत्त्यावर गावाचे नाव कसेही लिहिले, तरी सहा अंकी पिनकोडमुळे पत्र योग्य टपाल कार्यालयात पोहोचते. त्याच रीतीने प्रत्येक आजारास व तपासणीस ठरावीक संकेतांक दिला जातो. आजारांसाठी ‘स्नोमेड सीटी’, तर प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी ‘लॉइंक’ ही संकेतावली आहे. पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्र रुग्णालयांना व संगणकप्रणाली तयार करणाऱ्यांना याविषयी साहाय्य करते. ही नावे आपण पाठ करण्याची आवश्यकता नाही. आपण एवढेच करावे :

• १४ अंकी ‘आभा’ क्रमांक विनामूल्य काढावा. तो ऐच्छिक आहे.
• नोंदणीच्या वेळी हा क्रमांक सांगून आपले अहवाल त्यास जोडून घ्यावेत.
• नोंद कोणास व किती काळ दाखवावी, हे आपल्या संमतीवर अवलंबून असते. दिलेली संमती मागेही घेता येते.
• मोबाइलवर आलेला ओटीपी अनोळखी व्यक्तीस सांगू नये.
• अहवालात आकड्यासोबत एकक व तपासणीची तारीख असल्याची खात्री करावी.
• एखाद्या औषधाची ॲलर्जी असल्यास ती प्रत्येक डॉक्टरांना स्वतः सांगावी व जुने कागद जपून ठेवावेत.

अधिक माहितीसाठी १४४७७ या क्रमांकावर संपर्क साधावा.