माळ्यावरची रिमोटची जीप

माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली रिमोटची गाडी खाली काढली, सेल घातले आणि ती हलली नाही, की घरात एकच निदान होतं: ‘सर्किट गेलं असेल.’ खरं तर सर्किट सहसा सगळ्यात शेवटी जातं. त्याच्या आधी सेलचा कप्पा खराब होतो, वायरी आतून कुजतात, स्विच धरत नाही, मोटर अडकते, गिअरला तडा जातो. कळंबोलीत लोखंड बाजाराच्या आसपास ट्रकच्या वायरिंगची कामं करणारे मेकॅनिक बघा. तक्रार हॉर्नची असो की हेडलाइटची, त्यांचा हात आधी बॅटरीच्या टर्मिनलकडे जातो. खेळण्यातल्या गाडीलाही हाच क्रम लावला, तर पुष्कळशा गाड्या रेडिओला हात न लावता धावायला लागतील.

आमच्या हातातली गाडी म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची लाल जीप. गाडीत चार पेन्सिल सेल, रिमोटमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, बुडाला ‘२७ मेगाहर्ट्झ’ असा स्टिकर. ज्याची ती होती तो पुतण्या आता कॉलेजात आहे. त्याच्या धाकट्या चुलतबहिणीच्या आठव्या वाढदिवसाला ती द्यायची. नवी गाडी मिळत नाही असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० झालं, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तरीही दुकानं भरलेली आहेत. पण या जुन्या गाडीत एक गुण आहे. चार स्क्रू काढले की आतलं सगळं नुसत्या डोळ्यांना दिसतं, आणि प्रत्येक भाग सुटा काढून बदलता येतो.

तर सुरुवात सेलच्या कप्प्यापासून. आत कुणीतरी विसरलेले सेल फुटलेले असणार, हे गृहीतच धरा. अल्कलाइन सेल गळला असेल तर पांढरी, खरबरीत बुरशीसारखी पूड दिसते. तो पोटॅशियमचा क्षार असतो, त्याला आम्ल लागतं: कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. साधा, स्वस्तातला झिंक-कार्बन सेल गळतो तेव्हा मात्र आतून आम्लधर्मी द्रव येतो. तिथे खायच्या सोड्याची पातळ पेस्ट चालते. नंतर ओल्या फडक्यानं पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून नीट वाळू द्यायचं. स्प्रिंग किंवा पत्री पार खाल्ली गेली असेल तर घासत बसू नका. नवा सेल-होल्डर आणून त्यातल्या पत्र्या काढून लावणं सोपं.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि फसतात. गळलेला द्रव वायरीच्या रबराखालून आत चढत जातो. वरून वायर ठणठणीत दिसते, टोक सोलून पाहिलं तर तांबं काळं पडलेलं. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, नुसतं गोळा होऊन गळून पडतं. थोडी थोडी कापत जायची, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. आमच्या जीपमधली लाल वायर कप्प्यापासून स्विचपर्यंत पूर्ण काळी निघाली, तेव्हा ती सबंधच बदलली. खाडीलगतच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसाळ्यात हे व्हायचंच.

मग स्विच. त्याच्या दोन पायांवर मल्टीमीटर लावून रोध मोजा. चालू स्थितीत तो शून्याच्या आसपास यायला हवा. एखादा ओहम दिसला तर तो क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करून बघा. गाडी भिंतीला अडली की अशी छोटी मोटर दोनेक अँपिअर ओढू शकते. दोन अँपिअर गुणिले एक ओहम म्हणजे दोन व्होल्ट त्या स्विचमध्येच खर्च. चार सेलचे सहा व्होल्ट, त्यातले दोन असे वाटेतच गेले, तर गाडी गालिच्यावर रडत-खडतच चालणार.

मोटरची परीक्षा सरळ आहे. तिच्या दोन्ही वायरी सोडवायच्या आणि दोन सेल थेट तिला लावून बघायचे. फिरली तर ठीक. अडखळत फिरली तर आतला कम्युटेटर काळा पडला आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून थोडा वेळ फिरवली की कधी सुधारते. नाही सुधारली तर नवी घ्या. या गाड्यांत ज्याला दुकानदार ‘एकशेतीसची मोटर’ म्हणतात ती असते, आणि तिच्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठला तर एका खेपेत सगळंच सामान मिळतं. मानसरोवर किंवा खांदेश्वरहून हार्बरनं कुर्ला, तिथून दादर, मग ग्रँट रोड.

‘एकशेतीसची मोटर द्या, खेळण्यातली.’

‘शाफ्ट दोन एमएम ना? पिनियन मोजून आणलंय का?’

हा दुसरा प्रश्न विचारणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडूनच सामान घ्या, कारण जुन्या रिमोटच्या गाडीचं खरं दुखणं तिथेच असतं. पिनियन म्हणजे मोटरच्या शाफ्टवर बसलेलं इवलंसं गिअर. प्लास्टिकच्या पिनियनचं भोक शाफ्टपेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवतात, म्हणजे ते दाबून घट्ट बसतं. पण म्हणजेच ते प्लास्टिक कायम ताणलेलं राहतं, गाडी चालत असो वा माळ्यावर पडलेली असो. वर्षं उलटली की एका दातापाशी केसासारखी चीर पडते. मग मोटर फिरते, शाफ्ट आतल्या आत सटकतो, चाकं हलत नाहीत. किंवा प्रत्येक फेऱ्याला रुंदावलेली फट अडून ‘टक्, टक्’ असा आवाज येतो. फेविक्विक लावून ते टिकत नाही. पितळी पिनियन बसवा, पण जुन्याइतक्याच दातांचं आणि त्याच मापाचं. माप काढायची रीत अशी: बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्याला दातांची संख्या अधिक दोन यानं भागायचं. दहा दात आणि व्यास ६ मिलिमीटर असेल तर ६ भागिले १२, म्हणजे ०.५. हे त्याचं मॉड्यूल. मोठ्या गिअरचंही तेच असायला हवं, नाहीतर दात दातांत बसणार नाहीत.

गिअरच्या डबीत पांढरं ग्रीस, तेही बोटाच्या टोकाएवढंच. चाकांच्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल किंवा गोडं तेल अजिबात नको. ते चिकट होतं आणि कळंबोलीच्या ट्रकच्या रहदारीत उडणारी सगळी धूळ तिथे जमा करतं.

नवी मोटर लावताना जुनीवरचे मसुरीएवढे तीन कपॅसिटर उतरवून नवीवर चढवायला विसरू नका. त्यांवर १०४ असा आकडा असतो, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. बिनकामाचे वाटतात, पण गाडी त्यांच्यावर चालते म्हटलं तरी चालेल. मोटरचे ब्रश कम्युटेटरवर घासतात तेव्हा बारीक ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे रेडिओलहरी. जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात रेडिओलहरी काढल्या त्या ठिणगीतूनच. तेव्हा आपली मोटर म्हणजे गाडीच्याच पोटात, रिसीव्हरपासून चार बोटांवर बसलेलं एक गोंगाट करणारं प्रक्षेपण केंद्र आहे. कपॅसिटर तो गोंगाट मोटरपाशीच जिरवतात. ते नसले की गाडी जवळून ऐकते, पण मोटर फिरायला लागली की रिमोटचं ऐकेनाशी होते.

आता रेडिओ. निकोला टेस्लानं १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी हुकुमावर चालणारी छोटी होडी दाखवली, तिथून हा प्रकार सुरू झाला. आपल्या जीपमधली युक्ती त्यापेक्षा साधी आहे आणि मला तरी फार आवडते. अशा गाड्यांच्या रिमोटमध्ये सर्रास टीएक्स-२बी नावाची चिप असते आणि गाडीत तिची जोडीदार आरएक्स-२बी. बटण दाबलं की रिमोट आधी चार लांब ठोके पाठवतो: ‘लक्ष दे.’ मग लागोपाठ छोटे ठोके. ते किती, एवढंच गाडी मोजते. दहा ठोके म्हणजे पुढे. चाळीस म्हणजे मागे. अठ्ठावन्न डावीकडे, चौसष्ट उजवीकडे. बटण सोडलं की चार ठोके: थांब.

लांब ठोका दोन मिलिसेकंदांचा, छोटा एकाचा. म्हणजे ‘पुढे’ सांगायला ८ अधिक १०, अठरा मिलिसेकंद लागतात. ‘उजवीकडे’ सांगायला ८ अधिक ६४, बहात्तर. चौपट वेळ! बोटाला हा फरक कळत नाही, पण वाटेत एखादा ठोका गहाळ झाला तर मोजणी चुकते, आणि लांबलचक हुकूम बिघडायची शक्यता साहजिकच जास्त. अंतर वाढल्यावर गाडी सरळ जाते पण वळायला कुरकुर करते, त्याचं एक कारण हे असू शकतं. स्टिअरिंगची यंत्रणा ठीक असताना असं झालं तर आधी अँटेना बघा.

२७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ११ मीटर. तिला साजेशी पाव लांबीची अँटेना पावणेतीन मीटरची व्हायला हवी. गाडीवर असते वीतभर. उरलेलं काम सर्किटवरची कॉइल भागवते. म्हणून तुटलेली तार बदलताना ती मूळ तारेइतकीच लांब घ्यायची. ‘जास्त लांब, जास्त रेंज’ हा हिशेब इथे लागू होत नाही. आणि कॉइलच्या मधोमध मेणानं बंद केलेला जो फेराइटचा आटा असतो, तो फिरवायचा मोह टाळा. कारखान्यात एकदा जुळवलेला असतो, लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर जवळ नेला तरी मेळ बिघडतो.

गाडीतला रिसीव्हर बहुधा एडविन आर्मस्ट्राँगनं १९२२ मध्ये मांडलेल्या सुपर-रिजनरेटिव्ह पद्धतीचा असतो. एका ट्रान्झिस्टरवर भागतं, म्हणून स्वस्त; पण त्याचे कान मोठे, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचंही ऐकतो. वाढदिवसाला आणखी कुणी २७ मेगाहर्ट्झची गाडी घेऊन आलं तर दोन्ही गाड्या एकाच रिमोटवर नाचतील. पोरांना हे भांडणाइतकंच गमतीचंही वाटतं. (परवान्याची काळजी नको, भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना तो लागत नाही.)

गाडी पुढे जाते पण मागे येत नाही, असं असेल तर मोटरला दिशा देणाऱ्या चार ट्रान्झिस्टरांपैकी एखादा गेलेला असतो. बहुधा ८०५० आणि ८५५० अशा जोड्या असतात. काही रुपयांत मिळतात. सोल्डरिंग येत नसेल तर सेक्टरातला मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत बदलून देतो. चिपच जळली असेल तरच २.४ गिगाहर्ट्झचा नवा रिमोट आणि रिसीव्हर बसवा. उगाच आधुनिक करण्यासाठी चालतं सर्किट काढून टाकणं मला पटत नाही.

सेलच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. ते १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८, कागदावर कमी दिसतात, पण भार पडला तरी दम सोडत नाहीत. ‘१४५००’ असं लिहिलेले लिथियम सेल अगदी पेन्सिल सेलसारखेच दिसतात आणि त्याच कप्प्यात बसतातही. ते ३.७ व्होल्टचे असतात. चार घातले तर सर्किटवर जवळजवळ पंधरा व्होल्ट जातील आणि धूर निघेल. कप्प्याच्या झाकणाला स्क्रू हवाच, हरवला असेल तर नवा लावा.

बॉडी साबणाच्या पाण्यात धुऊन, बारीक पॉलिश पेपर मारून रंगवली. जिचा वाढदिवस, तिचा आवडता रंग मोरपंखी, म्हणून जीप मोरपंखी. नंबर प्लेट अर्थातच एमएच ४६, आपल्या पनवेल आरटीओची, पुढे तिची जन्मतारीख.

काढलेली जुनी मोटर टाकून देऊ नका, ती खोक्यात ठेवा. वाढदिवसाचा गोंधळ संपल्यावर त्या मुलीसमोर उघडा: दोन चुंबक, तीन गुंडाळ्या, दोन पत्र्या. मग एक सेल, एक गोल चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि इनॅमलच्या तारेचं वेटोळं घेऊन तशीच मोटर घरी बनवता येते. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी ती असंख्य मुलांना करून दाखवली. वेटोळ्याच्या टोकांवरचं इनॅमल एका बाजूला तसंच ठेवून बाकीचं खरवडायचं, सगळी गंमत तेवढ्यातच आहे.

शेवटची चाचणी घरात नको, मैदानात. एकानं गाडीपाशी थांबायचं, दुसऱ्यानं रिमोट घेऊन मागे चालत जायचं आणि दर काही पावलांवर चारही हुकूम द्यायचे. डावं-उजवं कुठे तुटतं ते बघा. तीच गाडीची खरी रेंज. सरळ सोडल्यावर ती एका बाजूला ओढत असेल तर पोटाखालची ट्रिमची दांडी थोडी सरकवा.

आणि सेल आदल्या दिवशीच चार्जिंगला लावा. २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल २०० मिलिअँपिअरच्या साध्या चार्जरवर चौदा ते सोळा तास घेतात. संध्याकाळी सहाला केक असेल तर आदल्या रात्री दहाच्या आत.