खडू, पाटी आणि एक अंश

एक नवा खडू घ्या, फरशीवर उभा करा आणि वरून पाटी दाबा. पाटी जराशी तिरकी असेल तर खडू मोडायच्या आधीच त्याची एक कड चुरते. आता कोणी विचारलं, "खडू किती मजबूत?", तर तुमचं उत्तर खडूबद्दल नसेल, पाटी कशी धरली होती त्याबद्दल असेल.

माझ्या पीएचडीचे कितीतरी महिने याच गोष्टीत गेले.

मी दाबते ते खांब तांब्याच्या एकसंध स्फटिकाचे असतात. व्यास २ मायक्रोमीटर, उंची ५. डोक्यावरच्या केसाच्या जाडीत असे तीसेक खांब ओळीने मावतील. गॅलियम आयनांच्या झोताने तांब्याचा पृष्ठभाग गोल कोरत जायचा, मधे खांब उरतो. २००४ मध्ये मायकेल उचिक आणि सहकाऱ्यांनी निकेलचे असे खांब दाबून 'सायन्स'मध्ये दाखवलं, की खांब जितका बारीक तितका तो मजबूत. तेव्हापासून जगभर लोक खांब दाबतायत. वरून सपाट टोकाचा हिरा (आम्ही त्याला पंच म्हणतो) हळूहळू खाली आणायचा आणि किती बलाला खांब किती आखूड झाला ते नोंदवायचं.

तुमच्यात कोणी सिव्हिलवाले असतील तर त्यांनी काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब फोडले असतील. त्या मशीनची वरची प्लेट गोलाकार बैठकीवर असते. क्यूबला टेकली की स्वतःच थोडी वळून नीट बसते. आमचा हिरा घट्ट बसवलेला. तो कुणासाठी वळत नाही.

आता छोटं गणित करू. पंच आणि खांबाचं डोकं यांच्यात फक्त १ अंशाचा तिरपेपणा आहे समजा. २ मायक्रोमीटर रुंदीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ३५ नॅनोमीटरचा फरक पडतो. आणि ५ मायक्रोमीटरचा खांब अर्धा टक्का दाबायचा तर तो किती आखूड होतो? २५ नॅनोमीटर. म्हणजे पलीकडची कड पंचला शिवायच्या आतच अलीकडची पुरती दबलेली असते, कारण तांबं अर्ध्या टक्क्याच्याही आधी कायमचं दबायला लागतं. आपण मात्र बलाला अख्ख्या डोक्याच्या क्षेत्रफळाने भागतो. आलेख सुरुवातीला लोळतो आणि धातू आहे त्यापेक्षा मऊ वाटतो.

माझ्याकडे दोन तुकडे होते, एक जसाच्या तसा आणि एक भट्टीत तापवून थंड केलेला. तापवलेल्यावरचा प्रत्येक खांब मऊ निघाला. मी खूश! कारण तयार होतं, वार्षिक आढाव्यासाठी स्लाइडही तयार होती. आदल्या आठवड्यात सहज सुरुवातीचा उतार मोजला. स्फटिकाची आमची दिशा घेतली तर तांब्याचा इलॅस्टिक मॉड्युलस १९१ गिगापास्कल यायला हवा. पहिल्या तुकड्याचा जवळपास आला, दुसऱ्याचा जेमतेम निम्मा. तापवून तांबं मऊ होईल हो, पण मॉड्युलस निम्मा कसा होईल? तो अणूंमधल्या बंधांवर ठरतो, आणि बंध तेच आहेत.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. खांबांशेजारच्या सपाट जागेवर पंच थेट दाबला आणि एसईएमखाली ठसा पाहिला. पंच सरळ असेल तर पूर्ण गोल उमटतो. माझ्याकडे चंद्रकोर उमटली होती. कपाळावर छान दिसते, सॅम्पलवर नाही.

दोष कार्बन टेपचा. ५ मिलिमीटरचा तुकडा १ अंशाने कलायला त्याच्या एका कडेखाली ८७ मायक्रोमीटरची उंची पुरते. साधारण एक केस! टेपला पडलेल्या घडीने तेवढं केलं होतं. आणि एसईएममध्ये बाजूने बघून "सरळ दिसतंय की" म्हणण्यावर विसंबू नका. आपल्याच दिशेने झुकलेला खांब समोरून सरळच दिसतो. ठसा दोन्ही दिशांचा कल एकदम दाखवतो.

सगळं वाया गेलं का? नाही. दाबत गेलं की खांबाचं डोकं पंचच्या बरोबरीने सपाट होतं आणि शेवटी पूर्ण टेकतं. म्हणून भार काढतानाचा उतार जास्त भरवशाचा. तो काढला तर दोन्ही तुकड्यांचा मॉड्युलस सारखाच निघाला. बराच दाबल्यानंतरचं बलही जवळजवळ सारखं. तांबं कुठल्या क्षणी कायमचं दबायला लागलं, तो आकडा मात्र गेला, आणि माझी स्लाइड नेमकी त्याच्यावर उभी होती. सरांनी ती पाहिली, चंद्रकोर पाहिली आणि म्हणाले, "बरं झालं, आढाव्याच्या आधी कळलं." मी स्लाइड उडवली.

आता दोन्ही तुकडे एकाच स्टबवर आहेत, तापवल्यावर वितळणाऱ्या मेणाच्या पातळ थरावर, कडेला वीज वाहून जायला चांदीच्या पेस्टचा ठिपका. खांब कोरायच्या आधी चारही कोपऱ्यांत ठसे घेतले. तीन गोल आले, एक किंचित लांबट. त्या कोपऱ्यात खांब कोरणार नाही.