लोहाच्या कोठारातून प्लॅटिनमची वाहतूक

कर्करोगावरील धातुयुक्त औषधांमध्ये सिस्प्लॅटिनचे स्थान अग्रभागी आहे. प्लॅटिनमचा एक अणू, त्याला जोडलेले दोन अमोनिया रेणू आणि दोन क्लोराइड आयन, एवढीच त्याची रचना. एकोणिसाव्या शतकातच तयार झालेल्या या संयुगामुळे जिवाणूंचे विभाजन थांबते, हे अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले आणि १९७८ मध्ये तेथे त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पेशीत शिरल्यावर क्लोराइड सुटून प्लॅटिनम डीएनएला घट्ट चिकटते. मात्र हीच ओढ रक्तातही कायम असल्याने औषधाचा बराचसा भाग अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना बांधला जाऊन निष्प्रभ होतो, तर मोकळा भाग गाठीबरोबरच मूत्रपिंड, अंतर्कर्ण आणि चेतातंतूंनाही इजा करतो, आणि म्हणूनच रुग्णाला शिरेवाटे भरपूर सलाईन द्यावे लागते.

प्रथिनांशी होणारा हा संयोग टाळण्याऐवजी त्यालाच कामाला लावण्याचा विचार फेरिटिन या प्रथिनाच्या अभ्यासात विशेष रुजला. शरीरातील लोह साठवणारे हे प्रथिन म्हणजे २४ उपघटकांचा पोकळ गोल असून त्याचा बाहेरील व्यास सुमारे १२ नॅनोमीटर, तर पोकळीचा ८ नॅनोमीटर असतो आणि तिच्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. लोह काढून घेतलेल्या या गोलाच्या द्रावणाचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, २ पर्यंत उतरवला की उपघटक सुटे होतात. औषध मिसळून सामू पुन्हा ७ च्या आसपास आणला की ते आपोआप जुळतात आणि औषधाचे काही रेणू आत कोंडले जातात. कृती सुटसुटीत असली तरी तीव्र आम्लाने काही उपघटक बिघडून जुळलेल्या गोलात भोके राहू शकतात, हा दोष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

अनेक कर्कपेशींच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिन ग्राही, म्हणजे लोह आत घेणारी प्रथिने, मोठ्या संख्येने असतात आणि मानवी फेरिटिनचा जड उपघटक त्यांना ओळखतो. तथापि तांबड्या पेशी घडवणाऱ्या निरोगी पेशींवरही ते विपुल असल्याने लक्ष्यवेध पूर्णतः अचूक मानता येत नाही. इटलीतील नेपल्स विद्यापीठात अशा गोलांच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून केलेल्या अभ्यासांत धातूचे अणू आतील भिंतीवरील हिस्टिडीनसारख्या अमिनो आम्लांना चिकटलेले आढळले. त्यामुळे किती धातू आत भरला एवढ्यावर यश मोजणे अपुरे ठरते; पोकळीत मोकळा किती आहे, भिंतीला बांधलेला किती आहे आणि त्यातील किती पेशीत पुन्हा सुटून डीएनएपर्यंत पोहोचतो, हे वेगवेगळे मोजावे लागते.