सर, मेलेला गडी उठतो का?



हळद काढणीच्या दिवसांत आमच्या जवळा बाजार परिसरात वर्गातली पटसंख्या रोज वेगळी असते. अशा दिवसांत नवा धडा पुढे रेटण्यापेक्षा मी सहावीच्या मुलांसोबत गोष्टीचा खेळ खेळतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कुणी वैद्य, कुणी लोहार, कुणी हेर. गोष्ट मी सांगतो, पण पुढं काय करायचं ते पात्रानं ठरवायचं. नदी ओलांडायची, किल्ल्याचा दरवाजा फोडायचा असं काही अवघड काम आलं की फासा टाकायचा. चार, पाच, सहा पडलं तर जमलं. एक पडला तर मोठं संकट.

खेळ माझ्या डोक्यातला नाही. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला, त्याची ही आपली साधी वर्गातली आवृत्ती. तिथंही गोष्ट सांगणारा एक जण असतो आणि नियमाचा वाद झाला की शेवटचा शब्द त्याचा. मराठी संभाषण, वर्णन, हिशेब, सगळं यात येतं. आणि भांडणं येतात. आज त्या भांडणांबद्दलच लिहितोय.

गेल्या वर्षीची गोष्ट. वैद्य झालेली मुलगी पुरात उतरली. तिनं फासा टाकला, तो बाकावरून घरंगळला आणि फरशीवर पडला. एक! लगेच दोन तट पडले. "खाली पडला, परत टाकायचा!" "न्हाई, पडलं ते पडलं! सर, ही रडीचा डाव खेळायलीय!" तास संपत आला होता. मी घाईत म्हणालो, "पडलं ते पडलं. वैद्य बुडाला."

तिनं पात्राचा कागद चार घड्या घालून दप्तरात ठेवला. रडली नाही, भांडलीही नाही. पुढच्या दोन खेळांत "मी बघते नुसतं" म्हणून मागं बसली. तिसऱ्या वेळी मी विचारलं, तेव्हा तिनं हळूच सांगितलं, "सर, मागं त्याचा फासा खाली पडला तवा तुम्ही परत टाकू दिला होता." खरं होतं. मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फाशाचं काय घेऊन बसलात? पण बघा, या वादात खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी वर्गात विचारलं, तुमच्या घरी लुडो कसा खेळतात? एका घरी सोंगटी बाहेर काढायला सहाच लागतो, दुसऱ्या घरी एकावरही निघते. एका घरी लागोपाठ तीन सहा पडले की डाव बाद, दुसऱ्या घरी ते नशीब. खाली पडलेल्या फाशाचंही तसंच. प्रत्येक मूल आपल्या घरचा कायदा घेऊन शाळेत येतं आणि तोच जगाचा कायदा आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. आपण त्याला "लबाडी करू नको" म्हणतो, तेव्हा ते दुखावतं, कारण त्यानं लबाडी केलेलीच नसते.

मोठ्यांचंही वेगळं नाही. आपल्या कबड्डीचंच घ्या. पूर्वी तिचे तीन प्रकार खेळले जात. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठायचा. गामिनीत एकदा मेला तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. अमरमध्ये कुणी बाहेरच जायचं नाही, फक्त गुण मोजायचे. म्हणजे 'मेलेला गडी उठतो का' या एका प्रश्नाला तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर! खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं 1914 मध्ये बसवायला घेतले, तेही यासाठीच. गावागावाची रीत निराळी असली की सामने भरवायचे कसे?

आणि लिहिलेले नियम असूनही काय होतं ते आपण टीव्हीवर पाहिलंच आहे. 7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला भारत-इराण कबड्डीचा अंतिम सामना. 28-28 अशी बरोबरी, मिनिटभराचा खेळ उरलेला. भारताचा पवन सेहरावत कुणाला न शिवता लॉबीत गेला, त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही गेले. एका नियमाप्रमाणे लॉबीत गेलेले सगळे बाद, दुसऱ्याप्रमाणे फक्त चढाई करणारा बाद. पंचांचा निर्णय इकडून तिकडे फिरला, खेळाडू मॅटवर बसले, खेळ तासभर थांबला. शेवटी भारताला 3 गुण, इराणला 1, आणि सामना 33-29 असा सुटला. माझ्या मते खरी चूक निर्णयात नव्हती, तो पुन्हा पुन्हा बदलण्यात होती. आमचा तास चाळीस मिनिटांचा. आम्हाला तर असं थांबणं परवडतच नाही.

म्हणून आता मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. निर्णय आत्ताचा, नियम उद्यापासूनचा. वाद झाला की दोन्ही बाजूंनी एकेकदा बोलायचं, पण आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, मग आपलं. (निम्मे वाद इथंच संपतात. "अगं, तुला असं म्हणायचं होतं होय!") नाहीच मिटलं तर मी निर्णय देतो आणि खेळ चालू. तो आजच्यापुरता. खेळ संपल्यावर पाच मिनिटं चर्चा, हात वर करून मत, आणि ठरेल ते वहीत. वहीचं नाव मुलांनीच ठेवलंय, 'निवाड्याची वही'. पुढच्या वेळी मीसुद्धा त्या वहीला बांधलेला.

एक अपवाद ठेवलाय. पात्र मरणार असेल तर घाई नाही. घंटा झाली तरी चालेल, निर्णय उद्यावर. दार उघडलं की नाही, यात मूल फारसं गुंतलेलं नसतं. पण महिनाभर सांभाळलेला वैद्य म्हणजे ते स्वतःच असतं.

पालकांसाठी एक. सुट्टीत घरी पत्ते, लुडो रंगतात. धाकटा हरायला लागला की आपण मोठीला म्हणतो, "जाऊ दे गं, लहान आहे तो." असं डावाच्या मध्ये म्हणू नका. आपल्या खेळांत कच्चा लिंबू असतोच की, पण तो डाव सुरू व्हायच्या आधी ठरतो आणि सगळ्यांना माहीत असतो. मधेच दिलेली सूट मोठीवर अन्याय करते, आणि धाकट्याला रडण्याचा भाव कळतो. मोबाईलवरच्या लुडोत मात्र हा प्रश्नच येत नाही, कारण तिथं फासा खाली पडत नाही. मला तो खेळ त्यासाठीच कमी आवडतो.

त्या वैद्याचं काय झालं? मी वर्गासमोर सांगितलं की माझं चुकलं, एकाला एक आणि दुसरीला एक न्याय लावला. फासा परत टाकू का, असं विचारलं. पण पोरांना ते पटलं नाही. "सर, गोष्ट तर पुढं गेली." बरीच खडाजंगी झाल्यावर "पडलं ते पडलं" म्हणून ओरडणारा तोच मुलगा म्हणाला, "खालच्या गावात कोळ्यानं जाळं टाकलं असंल, त्यात घावला असंल वैद्य." सगळ्यांनी हात वर केले. तिनं दप्तरातून कागद काढला, घड्या उलगडल्या.

निवाड्याच्या वहीतली पहिली नोंद तिच्याच अक्षरात आहे: 'फासा खाली पडला तर परत टाकायचा. सरांचा पण.'